वादळापूर्वी भरावयाची पेटी

तिरुच्चिराप्पळ्ळी मागे टाकून कावेरी नदी पूर्वेकडे निघाली, की तिच्या वाटेत डोंगर उरत नाही. चोळ राजा करिकाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कल्लणै बंधाऱ्यापाशी तिचे पाणी वाटले जाते. कोळ्ळिडम उत्तरेकडून वाहते, कावेरी व वेण्णार यांना अनेक फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांच्या जाळ्यात समुद्रापर्यंत सपाट, गाळाची, भातपिकाची भूमी पसरत जाते. हाच तंजावरचा प्रदेश होय. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती. त्या काळी आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे राहतात. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव परके नाही. तमिळनाडूचे धान्याचे कोठार अशी या भूमीची ख्याती आहे.

ज्या सपाटीमुळे येथे भात पिकते, त्याच सपाटीमुळे येथे वादळाला अडविणारे काही नाही. महाराष्ट्रात पावसाळा संपत आला, की तंजावरला त्याचा मुख्य पाऊस सुरू होतो. वर्षाच्या पावसापैकी सुमारे निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे जन्माला येतात आणि त्यांतील काही या किनाऱ्याकडे वळतात. १९५२ च्या नोव्हेंबरअखेरीस नागपट्टणमजवळ असे एक वादळ किनाऱ्यावर आले. १२ नोव्हेंबर १९७७ रोजी पहाटे दुसरे आले. त्यात पाचशेहून अधिक माणसे आणि हजारो गुरे दगावली. त्या वादळाची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नागपट्टणमपासून सुमारे ८० किलोमीटर आत असलेल्या तंजावर शहरातही वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर नोंदला गेला. समुद्र दूर आहे म्हणून आपण निर्धास्त आहो, ही समजूत त्या पहाटे खोटी ठरली.

अलीकडचे मोठे वादळ २०१८ चे. श्रीलंकेने सुचविल्याप्रमाणे त्याला ‘गज’ म्हणजे हत्ती असे नाव मिळाले होते. १६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर ते नागपट्टणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले आणि नागपट्टणम, तिरुवारूर, तंजावर व पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे गेले. पूर्वसूचना वेळेवर मिळाली होती व ऐंशी हजारांहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. त्यामुळे वादळाच्या मानाने मनुष्यहानी कमी झाली. तरी चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. पट्टुकोट्टै व पेरावूरणी या भागांतील नारळाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले. काही खेड्यांत वीज परत येण्यास आठवडे लागले.

वादळाची रात्र काही तासांत संपते. त्यानंतरचे दिवस मात्र प्रत्येक घराला आपल्या बळावर काढावे लागतात. त्या दिवसांत घरात काय असावे, याचा विचार वादळापूर्वीच करून ठेवणे, म्हणजे आपत्कालाची पेटी भरणे होय.

प्रथम काय बंद पडते?

पेटीत काय ठेवावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु यादी पाठ करण्यापूर्वी आपल्या गावी, आपल्या घरी वादळ नेमके काय करते हे पाहावयास हवे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात डोलणारे नारळाचे झाड १२० किलोमीटरच्या वाऱ्यात मोडून पडते, आणि पडताना विजेच्या तारा बरोबर घेऊन जाते.

तारा तुटल्या की दिवे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पाठोपाठ आणखी काय जाते हे मात्र पुष्कळदा लक्षात येत नाही. विंधनविहिरीतील पंप थांबतो. गावाची उंच टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा भरत नाही. भ्रमणध्वनीचे मनोरे आपल्या बॅटऱ्यांवर काही तास चालतात व मग मुके होतात. शीतकपाटातील औषध तापू लागते. बँकेचे पैसे देणारे यंत्र बंद पडते, दुकानदार रोख रक्कम मागतो. भाताची गिरणी थांबते. कणगीत वर्षाचे भात असूनही ते सडल्यावाचून शिजविता येत नाही. तांदूळ असले तरी इडलीचे पीठ वाटणारे यंत्र फिरत नाही.

‘गज’ वादळानंतर या धान्याच्या कोठारात पहिली उणीव अन्नाची भासली नाही, ती पाण्याची भासली. काही गावांत लोकांनी जनित्रे भाड्याने आणून पंप चालविले, तेव्हा टाकीत पाणी चढले. सभोवार शेतांत पाणी साचलेले आणि घरात पिण्यास घोटभर नाही, अशी ही विचित्र स्थिती असते. म्हणून पेटीचा आरंभ पाण्यापासून करावयाचा.

पाणी

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज किमान चार लिटर पाणी धरावे. पाच माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी हा हिशेब साठ लिटरांवर जातो. तंजावरकडे पाणी भरावयाच्या घागरीला कुडम म्हणतात. एका कुडमात बारा ते पंधरा लिटर पाणी मावते. म्हणजे चार-पाच कुडम झाकण लावून भरून ठेवले की पहिले तीन दिवस निभावतात. तीन दिवस ही किमान मर्यादा समजावी. जागा असल्यास आठवड्याचे पाणी ठेवणे चांगले. धुण्या-पुसण्याचे पाणी यांत धरलेले नाही. त्यासाठी वादळाची सूचना मिळताच बादल्या, पिंपे व मोठी पातेली भरून घ्यावी.

साठा संपला तर बाहेरचे पाणी वापरण्याची पाळी येते. पुराचे पाणी शेतातून, गटारातून व गोठ्यातून फिरून आलेले असते. प्रथम ते स्थिर ठेवून, चौपदरी स्वच्छ कापडातून गाळावे. गढूळपणा घालविण्यासाठी तुरटी वापरता येते. दक्षिणेत यासाठी निवळीचे बी फार पूर्वीपासून वापरतात. तमिळमध्ये त्याला तेत्तांकोट्टै म्हणतात. मडक्याच्या आतल्या बाजूस ते बी घासले, की पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक झालेले नसते. दिसण्यात स्वच्छ असलेल्या पाण्यातही पटकीचे व विषमज्वराचे जंतू असू शकतात. त्यासाठी पाणी खळखळून उकळावे आणि उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे. सरपण किंवा गॅस पुरेसा नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या उपयोगी पडतात. वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशी झगडण्यातच खर्ची पडतो. म्हणून आधी निवळणे आणि मग गोळी टाकणे, हा क्रम उलटा करू नये.

अन्न व औषध

न शिजविता खाता येईल असे अन्न पेटीत असावे. यासाठी परक्या डबाबंद पदार्थांकडे धावण्याचे कारण नाही. पोहे, कुरमुरे, डाळे, गूळ, शेंगदाणे, खजूर हे सर्व तंजावरच्या कोणत्याही बाजारात मिळतात. पोह्यांना तेथे अवल व कुरमुऱ्यांना पोरी म्हणतात. पोहे थोड्या पाण्यात भिजले की खाण्याजोगे होतात, आणि गूळ-डाळे यांनी अंगात ताकद राहते. तान्हे मूल असल्यास त्याच्या अन्नाची व्यवस्था निराळी करावी. बंद झाकणाच्या डब्यात हे पदार्थ ठेवले, तर दमट हवेतही काही महिने टिकतात.

औषधांत सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जलसंजीवनीची पुडी. अतिसारात मनुष्य जंतूंपेक्षा शरीरातील पाणी व क्षार संपल्याने मरतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली होती व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडत होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्याचा निर्धार केला. रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते व त्यामागोमाग पाणी जाते, हे त्यामागील तत्त्व होय. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्यावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. ते अपायकारक ठरते.

नेहमीची औषधे घेणाऱ्या माणसांसाठी निदान आठवड्याचा जादा साठा आणि वैद्याच्या चिठ्ठीची प्रत पेटीत असावी. मधुमेही रुग्णांच्या इन्शुलिनचा प्रश्न वीज गेल्यावर बिकट होतो. वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवडे घरच्या थंड जागी, पंचवीस-तीस अंश तापमानापर्यंत टिकते. नवीन कुप्यांना अधिक थंडावा लागतो. अशा वेळी ओल्या कापडाने वेढलेले मातीचे मडके उपयोगी पडते. मडक्याच्या भिंतीतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते व आतली जागा गार राहते. पावसाळी, दमट हवेत ही क्रिया मंदावते. म्हणून मडके वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवावे. कुपी बर्फाला प्रत्यक्ष टेकवू नये, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

यांखेरीज जंतुनाशक द्रव, कापूस, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, साबण, स्त्रियांसाठी मासिक पाळीचे कापड, एक कात्री आणि चिमटा एवढ्या वस्तू लहान डब्यात मावतात.

प्रकाश व वार्ता

मेणबत्ती स्वस्त असते, पण वाऱ्याच्या झोतात ती घर पेटवू शकते. सेलवर किंवा सूर्यप्रकाशावर चालणारी विजेरी अधिक सुरक्षित. सेल विजेरीच्या आत घालून महिनोन्‌महिने ठेवू नयेत. ते पाझरतात व आतील धातू गंजतो. ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

वार्तेसाठी सेलवर चालणारा लहान रेडिओ असावा. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असताना रेडिओ कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. भ्रमणध्वनीला दर काही किलोमीटरवर एक चालू मनोरा लागतो. रेडिओला दूरचे एक प्रक्षेपण केंद्र पुरते. जवळचे सर्व मनोरे बंद पडले, तरी वादळाच्या मार्गाबाहेरील केंद्राचा आवाज ऐकू येऊ शकतो.

भारतीय हवामान खाते चक्रीवादळाच्या सूचना चार टप्प्यांत देते. किनाऱ्यावर वादळ येण्याच्या सुमारे ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, आणि सुमारे १२ तास आधी, वादळ कोठे किनारा ओलांडील व आत कोणत्या भागांवर जाईल, याचा अंदाज, असा तो क्रम आहे. पेटी पहिल्या सूचनेला उघडून पाहावी. दुसऱ्या सूचनेला पाणी भरावे, दूरध्वनी व विजेऱ्या भारून घ्याव्या. तिसऱ्या सूचनेला गुरांची दावी सोडून त्यांना उंच जागी न्यावे आणि निघावयाचे असल्यास निघावे. चौथ्या सूचनेच्या वेळी धावपळ करण्यास वेळ उरलेला नसतो.

कागदपत्रे

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो ताडपत्रे व मोडी कागद सांभाळलेले आहेत. मुखप्रदेशाच्या दमट हवेत ताडपत्र टिकते याचे कारण त्याच्यामागे केलेली निगा. ताडपत्रे टिकविणारे लोक ती कापडात घट्ट बांधतात, जमिनीपासून उंच ठेवतात, आणि ठराविक काळाने उघडून, पुसून, गवती चहाचे तेल लावतात. घरच्या कागदांनाही हेच तीन नियम लागू पडतात: बांधणे, उंच ठेवणे व पुन्हा पुन्हा पाहणे.

वादळानंतर पंचनामे होतात. नारळाची किती झाडे पडली, घराची किती भिंत ढासळली, याची भरपाई मागताना जमिनीचा पट्टा, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक व पीकविम्याची पावती यांची गरज लागते. तमिळनाडूतील पट्टा म्हणजे साधारणतः महाराष्ट्रातील सातबाराच्या जागी असलेला कागद होय. हे सर्व दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक बांधावेत. प्रती परगावच्या एखाद्या नातलगाकडे ठेवाव्यात. लहान नोटांत थोडी रोख रक्कम आणि कागदावर शाईने लिहिलेले दूरध्वनीचे क्रमांक याच पिशवीत असावेत. त्यांत सर्व संकटांसाठीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक अवश्य असावेत.

राहण्याची पेटी व निघण्याची पिशवी

साठ लिटर पाण्याचे वजन साठ किलो होते. ते उचलून कोणी चालू शकत नाही. म्हणून तयारीचे दोन भाग करावे लागतात. पक्क्या घरात, उंच जागी राहणाऱ्यांसाठी पाणी, अन्न, दोरी, ताडपत्री, कोयता व करवत यांची राहण्याची पेटी. आणि घर सोडावे लागणाऱ्यांसाठी एका खांद्यावर मावेल अशी निघण्याची पिशवी.

तंजावर जिल्ह्याला दक्षिणेस समुद्रकिनाराही आहे. मल्लिपट्टिणमजवळ दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४ च्या सुमारास बांधविलेला मनोरा आजही त्याच नावाने ओळखला जातो. या किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे. चक्रीवादळाचा वारा उथळ समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, त्याला मागे फिरण्यास खोली नसते, आणि पाण्याची पातळी चढत जाऊन ते सखल वस्तीत शिरते. अशा ठिकाणी कौलारू किंवा झावळ्यांच्या घरात राहणाऱ्यांनी राहण्याच्या पेटीवर भिस्त ठेवू नये. त्यांच्या पिशवीत कागदपत्रे, औषधे, एक-दोन लिटर पाणी, कोरडे अन्न, विजेरी, एक कपड्याचा जोड व पांघरूण एवढेच असावे, आणि सूचना मिळताच त्यांनी निवाऱ्याची वाट धरावी.

पिशवीची मर्यादाही ओळखून असावे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपानंतर सुमारे अडीच तासांनी सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या वेळी हिंदी महासागरासाठी सुनामीची पूर्वसूचना देणारी व्यवस्था नव्हती. हैदराबादचे केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. लाट दिसल्यावर जो वेळ असतो तो केवळ पळण्याचा. तेव्हा पिशवी हाताशी नसेल तर तिच्यासाठी मागे वळू नये.

वादळ शमल्यावर

वादळाचा केंद्रभाग डोक्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो. ही शांतता फसवी असते. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने वाहू लागतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये. बाहेर पडताना पायांत जाड जोडे व हातात काठी असावी. पाण्यात पडलेली तार जिवंत असू शकते. तिला स्पर्श तर करू नयेच, त्या पाण्यातही पाय घालू नये. बिळांत पाणी शिरल्याने साप कोरड्या जागी, म्हणजे घरात व सरपणात आश्रय घेतात. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; तो अवयव न हलविता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. भाड्याचे जनित्र घरात किंवा बंद पडवीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

पेटी पाहण्याचा दिवस

भरून विसरलेली पेटी रिकाम्या पेटीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यावर भरवसा ठेवलेला असतो. सेल गंजतात, गोळ्यांची मुदत टळते, पोह्यांना किडे लागतात, मूल वाढून त्याचे कपडे लहान होतात. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबर हा आपत्तिनिवारणाचा दिवस पाळतात. त्या दिवशी पुष्कळ कुटुंबे आपापल्या पिशव्या उघडून पाहतात.

तंजावरला असा दिवस नव्याने शोधावयास नको. नवरात्रीच्या अखेरीस आयुधपूजेला तेथे घराघरांतून कोयते, विळे, यंत्रे व वाहने घासूनपुसून पूजेला मांडतात. आपल्याकडची खंडेनवमी तीच. साधारणतः ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि आयुधपूजा बहुधा त्याच्या आसपास किंवा थोडी आधी येते. त्या दिवशी कोयत्याशेजारी ही पेटीही मांडावी. सेल बदलावे, जुने पोहे खाऊन टाकून नवे भरावेत, औषधांच्या तारखा वाचाव्यात, आणि घरातील लहान मुलांनाही पेटी कोठे आहे ते दाखवून ठेवावे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा दिवस निराळा असेल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात आले, तेव्हा मृग नक्षत्र लागावयाचे होते. कोकणातील घराने आपली पेटी अक्षय्य तृतीयेला पाहून ठेवली, तर ती वेळेवर कामी येईल. जेथे जे संकट, तेथे त्याच्या आधीचा सण निवडावा. पेटीतील वस्तूंना फारसा खर्च येत नाही. वर्षातून एक दुपार तिच्यासाठी राखून ठेवावी लागते.